जुन्या लॅपटॉपवर डीजे: मिक्स घ्यावं की व्हर्च्युअल डीजे?

हळदीच्या मांडवात गाणं अर्धा सेकंद जरी तुटलं, तरी नाचणारे थांबून तुमच्याकडेच बघतात. मी ते अनुभवलंय. म्हणून ४ जीबी रॅमच्या, दोन कोअरच्या जुन्या लॅपटॉपवर काम सुरू करणार असाल, तर फीचर्सची यादी नंतर वाचा. आधी गाणं तुटणार नाही ना, एवढं बघा.

मिक्स (इंग्रजीत शेवटी तीन एक्स) आणि व्हर्च्युअल डीजे ही दोन्ही गाणी जोडून वाजवायची सॉफ्टवेअर. मिक्स ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला) आहे, फुकट आहे. सुपारी घेतली तरी परवाना लागत नाही. शिवाय ते लिनक्सवर (विंडोजऐवजी टाकता येणारी फुकट सिस्टीम) चालतं, आणि जुन्या मशीनला याचाच मोठा आधार. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, विंडोज ११ बऱ्याच जुन्या प्रोसेसरना स्वीकारत नाही. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती हलकी आहे, तिच्यावर मिक्सला श्वास घ्यायला जागा मिळते.

व्हर्च्युअल डीजे विंडोज आणि मॅकवरच. घरच्या सरावाला फुकट, धंद्याला परवाना विकत घ्यावा लागतो. पण त्यात स्टेम्स आहेत: चालू गाण्यातून गायकाचा आवाज काढून नुसता ताल ठेवता येतो. व्हिडिओ आणि कराओकेही आहे. तुमची गिऱ्हाइकं हेच मागत असतील तर मिक्स पुरणार नाही. मात्र ही फोड ऐनवेळी करायला लावली की जुना प्रोसेसर दमतो. स्टेम्स घरीच तयार करून ठेवा, नाहीतर सेटिंगमध्ये बंद करा.

कुठलंही घ्या, बफर (वाजण्याआधी साठवलेला आवाजाचा तुकडा) मात्र नीट लावा. तो मोठा ठेवला की गाणं तुटण्याची शक्यता कमी, पण आवाज थोडा उशिरा येतो. ४४,१०० हर्ट्झला (सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, म्हणजे सॅम्पल) ५१२ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे १२ मिलिसेकंद, १०२४ चा म्हणजे २३. स्क्रॅच करणाऱ्या (तबकडी मागेपुढे घासणाऱ्या) हाताला हा फरक कळतो. एकाला एक गाणं जोडत जाणाऱ्याला सहसा कळत नाही. जुन्या मशीनवर मी १०२४ च ठेवतो. विंडोजवर साउंड कार्डचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिरानं पोचवणारा) वापरा. मिक्समध्ये की-लॉकसाठी (वेग बदलला तरी सूर तोच राहावा म्हणून) रबरबँडऐवजी साउंडटच हा पर्याय निवडा: आवाज थोडा कमी सुबक, पण भार बराच हलका. वेव्हफॉर्मचा (पडद्यावर सरकणाऱ्या आवाजाच्या आलेखाचा) फ्रेम रेट उतरवा, वाय-फाय बंद करा, सगळ्या गाण्यांचं अ‍ॅनालिसिस (सॉफ्टवेअरनं गाण्याचा वेग, ताल मोजून ठेवणं) आदल्या रात्री उरका.

नुसतं मिक्सिंग करायचं असेल तर माझं मत मिक्सलाच. परवान्याचे वाचलेले पैसे एसएसडीत (वेगवान डिस्कमध्ये) घाला.