ए-प्लस करून सव्वा वर्ष: पैसे वाया गेले म्हणत होतो, मग प्रिंटर बिघडला

गेल्या गुरुवारपर्यंत कुणी मला विचारलं असतं, 'कॉम्पटियाचं ए-प्लस (कॉम्प्युटर सपोर्टच्या कामाचं प्राथमिक प्रमाणपत्र) करू का?' तर मी सांगितलं असतं, त्या पैशांत जुना लॅपटॉप घे आणि खोलून बस. आता हे उत्तर थोडं बदलावं लागतंय.

मी बी.कॉम. आयटीत ओळखपाळख शून्य. २२०-११०१ आणि ११०२ हे दोन्ही पेपर २०२४ मध्ये दिले. (ती जोडी सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाली, आता १२०१-१२०२ आहे.) दोन पेपर म्हणजे दोन व्हाउचर (परीक्षेच्या फीची कूपनं), तीही डॉलरच्या भावात. उडालात तर पुन्हा नवं व्हाउचर. पहिल्या पेपरला ६७५ लागतात, मला ६८१ पडले. निकाल बघताना मार्कांआधी डोळ्यांसमोर व्हाउचरची किंमत आली होती. अभ्यासाला मात्र दमडी लागली नाही. प्रोफेसर मेसरचे व्हिडिओ यूट्यूबवर फुकट आहेत. क्लासवाल्यांचे 'शंभर टक्के प्लेसमेंट'वाले फोन मी उचललेच नाहीत.

मग हडपसरला मुलाखत. एचआरच्या मॅडमनी प्रमाणपत्र उलटसुलट बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे एमएस-सीआयटीसारखंच ना?" तिथेच माझे पैसे बुडाले असं मी धरून चाललो. नोकरी मिळाली ती दुसऱ्या गोष्टीवर. घरच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) विंडोज सर्व्हर टाकून मी डोमेन, म्हणजे ऑफिसात सगळ्यांची लॉगिन एका जागेवरून सांभाळणारी व्यवस्था, सरावासाठी उभं केलं होतं. सर्व्हरची चाचणी आवृत्ती १८० दिवस फुकट चालते. टेक्निकलवाल्या सरांनी विचारलं, "युजरचं अकाउंट सारखं लॉक होतंय, कुठे बघशील?" मी म्हटलं, पासवर्ड बदलल्यावर जुना पासवर्ड कुठेतरी साठून राहिलाय का ते आधी बघेन, बहुतेक मोबाइलच्या मेलमध्ये. ते हसले. सोमवारपासून आयटी सपोर्टला ये म्हणाले. थर्ड पार्टी पेरोल (पगार दुसऱ्याच कंपनीकडून), हातात सतरा हजार.

पहिले चार महिने पासवर्ड रीसेट, हेडसेट, 'आउटलुक उघडत नाही' आणि पुन्हा पासवर्ड रीसेट. आयपी १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला की डीएचसीपीकडून (नेटवर्कवर कॉम्प्युटरना पत्ते वाटणारी सेवा) पत्ता मिळालेला नाही, हे एक ज्ञान रोज उपयोगी पडलं. बाकी सगळं टिकिट (तक्रारीची नोंद) वेळेत बंद करायच्या शर्यतीत शिकलो.

माझा खरा राग होता प्रिंटरच्या धड्यावर. लेझर प्रिंटरच्या सात पायऱ्या: प्रोसेसिंग, चार्जिंग, एक्स्पोजिंग, डेव्हलपिंग, ट्रान्सफरिंग, फ्यूजिंग, क्लीनिंग. लोकलमध्ये घोकल्या, स्वप्नात घोकल्या. क्लाउडच्या जमान्यात हे कशाला, असं मित्रांना ऐकवलं. रिव्ह्यू लिहिला असता तर एक तारा या धड्यासाठीच कापला असता.

गुरुवारी अकाउंट्समधून फोन आला. काका म्हणाले, "अहो इंजिनियर, बिलं पुसली जातायत हो." गेलो. कागदावर बोट फिरवलं, बोट काळं. अक्षरं जागच्या जागी होती, फक्त टोनर कागदाला चिकटत नव्हता. सहावी पायरी, फ्यूजिंग: फ्यूजर नावाचा भाग तापून टोनर कागदावर पक्का बसवतो ती. व्हेंडरच्या माणसाला फोन लावला तर तो दुसऱ्या वाक्याला म्हणाला, "फ्यूजर गेला, कोटेशन पाठवतो." आकडा ऐकून काका खुर्चीत बसले.

पण एक गोष्ट खटकली. पावसाळ्यात कागद दमट झाला तर टोनर धड चिकटत नाही, पण हा फेब्रुवारी. रीम नुकतीच फोडलेली, कागद कडक. मग प्रिंटरच्याच पॅनलवरून कॉन्फिगरेशन पेज (प्रिंटर स्वतःच्या सेटिंगचं छापतो ते पान, कॉम्प्युटर मध्ये येत नाही) काढलं. तीच ट्रे, तोच कागद. घासघास घासलं, ठिपकाही हलला नाही. म्हणजे फ्यूजर तापतोय. गडबड कॉम्प्युटरकडून येणाऱ्या कामात आहे. सगळ्यांची प्रिंटची कामं जिथून जातात त्या प्रिंट सर्व्हरवर रांगेच्या डिफॉल्ट सेटिंगमध्ये गेलो. कागदाचा प्रकार: 'लाइट'. पातळ कागद समजून प्रिंटर फ्यूजर कमी तापवत होता. 'प्लेन' केलं, चाचणीचं पान काढलं, बोट कोरडं. खर्च शून्य.

काकांनी चहा मागवला. म्हणाले, "आमच्या वेळी असे इंजिनियर नव्हते." मी नुसता हसलो.

तेव्हा तो तारा मी परत देतोय. नोकरी ए-प्लसने लागत नाही, निदान पुण्यात मला तरी नाही लागली. एचआरला आकर्षण सीसीएनएचं (सिस्कोचं नेटवर्किंगचं प्रमाणपत्र). पण बिघाड कुठल्या पायरीवर आहे हे शोधायची सवय मला त्या पुस्तकी घोकंपट्टीनेच लागली, हे कबूल. घरी माझ्यासारखी सरावाची लॅब जमत असेल तर आधी ती उभी करा, व्हाउचर मागाहून घ्या.

अर्धा तारा मात्र कापणारच. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षं. टिकवायचं तर २० सीईयू (पुढे शिकत राहिल्याचे गुण) जमवा आणि वर्षाला २५ डॉलर भरा, नाहीतर पुन्हा परीक्षा. २०११ च्या आधी पास झालेल्यांना मात्र ते जन्मभराचं. माझी बी.कॉम.ची डिग्री, तिचा काडीचा उपयोग नसला तरी, फुकटात जिवंत आहे.

आणि हो, ए-प्लसमध्ये शिकवतात त्या बिघाड शोधायच्या सहा टप्प्यांच्या पद्धतीतला शेवटचा टप्पा म्हणजे केलेल्या कामाची नोंद. टिकिट बंद करायला बसलो तेव्हा आठवलं. सोमवारी एका मॅडमचा पातळ कागद वळत होता म्हणून 'लाइट' मीच निवडलं होतं. त्यांच्या कॉम्प्युटरवर करायचं ते सर्व्हरवर केलं. कारणाच्या रकान्यात खरं तेच लिहिलं. काकांना अजून सांगितलेलं नाही.