टपाला डॅम्पिंग शीट मारून घेतलं, साडेनऊ हजार गेले, काम केलं भलत्याच गोष्टीनं

आधी गाडी सांगतो म्हणजे बाकीचं कळेल. २०१३ ची हॅचबॅक, उंच, डब्यासारखी, टप एकदम सपाट. मागे बारा इंची वुफर, म्हणजे बेसचा मोठा स्पीकर, पोर्टवाला (हवेसाठी भोक ठेवलेला) बॉक्स ३८ हर्ट्झला ट्यून केलेला, आणि ८०० वॉट आरएमएसचा मोनोब्लॉक, म्हणजे नुसत्या वुफरसाठीचा अँप. हे सगळं दोन वर्षांत थोडं थोडं करून जमवलंय आणि घरी किंमत निम्मीच सांगितलीय, तेवढं सांभाळून घ्या. तर बेस लागला की आतला आरसा असा थरथरायचा की मागच्या गाडीचे दोनाचे चार हेडलाईट दिसायचे, आणि बाहेरून टपावर हात ठेवला तर पत्रा तळहाताला चक्क ढुशा मारायचा. एकदा रंकाळ्यावर गाडी लावली होती तर टपावर ठेवलेला चहाचा कागदी कप चालत चालत काचेवर आला आणि तिथून खाली. मित्र हसले, मी पण हसलो, पण डोक्यात किडा घुसला तो घुसला.

मग शहरातल्या एका ऑडिओच्या दुकानात गेलो. नाव घेत नाही, कारण माणूस वाईट नाही आणि हाताचं काम पण चांगलं आहे, फक्त विकताना जे बोलला ते खरं नव्हतं. "भावा, दोन लेयर टाकू, टप हलणारच नाही, लिहून देतो." लिहून काही दिलं नाही अर्थात. माल म्हणजे २ एमएमची ब्युटाईल शीट, चिकट रबरासारखी, वरून ॲल्युमिनियमची फॉईल. मजुरी धरून साडेनऊ हजार. डांबराची शीट त्याच्याकडे निम्म्या भावात होती पण ती नको म्हणालो, आणि हे मात्र कुणीही पैसे वाचवायला करू नका, कारण मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचं टप इतकं तापतं की डांबर मऊ होऊन सुटतं, वास मारतं आणि शेवटी लायनिंगवर येऊन बसतं. दारात एखादवेळ चालेल, डोक्यावर नको.

काम बघत बसलो दिवसभर. सन व्हायझर, हँडल, केबिन लाईट, पिलरचे ट्रिम, दाराचं बीडिंग असं सगळं काढून रूफ लायनिंग डिकीतनं बाहेर घेतलं. पत्रा दोनदा पुसला, शीट चिकटवून रोलर असा दाबून फिरवला की फॉईलवरची नक्षी सपाट झाली, तशी ती झाली की समजायचं बरोबर बसली. इथपर्यंत फुल मार्क. लायनिंग परत लावताना दोन क्लिपा तुटल्या आणि त्या गुपचूप खिशात घातल्या ते मी बघितलं, आणि क्रीम कलरच्या लायनिंगवर राखाडी बोटांचे ठसे आले ते अजून आहेत.

आता रिझल्ट. टपावर बोटानं टकटक केलं की आधी "भांय" वाजायचं आता "ठप" वाजतं, म्हणजे जाड महागड्या गाडीसारखं. पावसात तर जमीन अस्मानाचा फरक, आधी पत्र्याच्या शेडमध्ये बसल्यासारखं वाटायचं. झणझण पण गेली. उन्हात गाडी गार राहील म्हणाला होता ते मला तरी जाणवलं नाही. पण ज्यासाठी गेलो होतो ते? गाडी रस्त्याकडेला लावली, तेच गाणं, तोच व्हॉल्यूम, टपावर हात ठेवला, ढुशी तशीच. थोडी कमी असेल, पण साडेनऊ हजाराची कमी नक्कीच नाही.

माझं काम शिरोली एमआयडीसीत, व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन), त्यामुळे हाताला लागतंय तेवढ्यावर माझा विश्वास बसत नाही. दुसऱ्या दिवशी डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं माप) आणि त्याचा मॅग्नेटवाला स्टँड घरी आणला. (शीट मारायच्या आधी पण एकदा मोजून ठेवलं होतं, तेवढं शहाणपण सुचलं.) दोन्ही बाजूच्या दारांवरच्या कडा टणक असतात, त्यांच्यावर आडवा लोखंडी अँगल ठेवला, खाली जुन्या टॉवेलच्या घड्या, अँगलला मॅग्नेट, आणि डायलचं टोक टपाच्या बरोब्बर मध्ये. मग ४० हर्ट्झचा टोन. काटा काटा म्हणून दिसतच नाही, पंख्याच्या पात्यासारखा पसरतो. शीटच्या आधी तो पसारा दीड एमएमच्या आसपास होता, दोन लेयरनंतर १.३ वगैरे. एवढ्या वेगात डायल पूर्ण खरं बोलत नाही, प्लंजर, म्हणजे टोकाचा दांडा, उड्या मारतो, ते माहितीय मला. पण आधी आणि नंतर सेटिंग तेच, त्यामुळे तुलनेला चालतं.

असं का झालं ते नंतर बसून काढलं. बेसच्या वेळी केबिनमधली हवाच टपाला आत-बाहेर ढकलते. १४० डेसिबलला दाब २०० पास्कल होतो, टप दीड चौरस मीटर धरलं तर ३०० न्यूटन, म्हणजे तीसेक किलोचं पोतं, तेही सेकंदाला चाळीस वेळा आत आणि चाळीस वेळा बाहेर. माझी सिस्टीम तिथपर्यंत जात नसेल, १३४ धरा, तर दाब निम्मा, पंधरा किलो. आणि पत्रा किती जाड, तर एक एमएमपेक्षा पण कमी. ब्युटाईल शीटचं काम म्हणजे वाजणाऱ्या पत्र्याचा आवाज मारणं, घंटेला हात लावल्यावर ती गप्प बसते तसं. पण ढकलणाऱ्या हवेला आडवं उभं राहायला ताठपणा लागतो आणि शीट हाताला कशी लागते, पोळीसारखी. पोळीवर पोळी ठेवून पाट होत नाही. दुसऱ्या लेयरनं माझ्या टपावर फक्त चार-पाच किलो वजन वाढवलं.

मग शिवाजी उद्यमनगरात एका डेंटिंगवाल्या मामांकडे गेलो, आमच्या साहेबांची गाडी तिथेच असते. मामांनी स्पीकर, अँप काही विचारलं नाही. आम्ही दोघांनी लायनिंग खाली घेतलं, मामा ड्रायव्हर सीटवर उताणे झोपले आणि टपाला जी आडवी पट्टी असते ना आतून, बो म्हणतात तिला, तिच्यावर बोटाची पेरं आपटत गेले. मग खिशातली सहा इंची स्टीलची मोजपट्टी काढून बो आणि पत्रा यांच्या फटीत घातली, ती या बाजूनं गेली ती सरळ त्या बाजूला निघाली.

"आरं, ह्यो पत्रा पट्टीला धरूनच न्हाई की. नुसता वर ठेवलाय."

कंपनीतनं गाडी येते तेव्हा त्या फटीत मऊ मस्टिकचे, म्हणजे चिकट लांबीसारख्या मालाचे ठिपके असतात, पत्रा फडफडू नये म्हणून. दहा-बारा वर्षांच्या उन्हात ते वाळून सुटतात. माझ्या गाडीतले तर वाळलेल्या चुइंगमसारखे झाले होते, मामांनी नखानं उचकटून हातात दिले. आणि दुकानवाल्यानं शीट मारली ती दोन पट्ट्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, पट्टीच्या फटीत हात घालायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. मी म्हणालो मामा, सगळी फट भरून टाका की एकदम. तर म्हणाले, "भरू नको, ठिपकं सोड. आन आत्ता न्हाई, सांजच्याला ये. तापल्या पत्र्याला लावलंस तर गार झाल्यावर वरनं खड्डं दिसतील."

संध्याकाळी गेलो. काच बसवणारे वापरतात ते पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, दोन नळ्या, दर चार बोटांवर एक ठिपका, पत्र्याला वर दाबायचं नाही की खाली ओढायचं नाही, फक्त फट भरेल इतकंच. सीलंट हवेतल्या दमटपणावर हळूहळू पिकतं म्हणून तीन दिवस बेस बंद ठेवायला सांगितलं, ते तीन दिवस लई जड गेले. सीलंट आणि मजुरी मिळून बावीसशे.

चौथ्या दिवशी तोच अँगल, तोच टोन. पसारा अर्ध्या एमएमच्या आत, आणि टोन बंद करून परत लावला, पुन्हा तेच. आरशात आता मागची गाडी एकच दिसते. बेस पण जरा जास्त आणि घट्ट लागतो असं वाटतंय, जे टप हलवण्यात वाया जात होतं ते आत राहत असेल, पण माझ्याकडे मीटर नाही त्यामुळे छातीठोक सांगत नाही.

करणार असाल तर दोन-तीन गोष्टी. स्प्रे फोम मारू नका, तो फुगताना पत्र्याला ढकलतो आणि टपाला बाहेरून टेंगूळ येतं, वर ओल धरली तर गंज. वेल्डिंगचं नाव काढू नका, वरचा पेंट जळतो. आणि कर्टन एअरबॅग असलेली गाडी असेल तर ती एअरबॅग दारांच्या वर टपाच्या कडेलाच गुंडाळलेली असते, तिथे शीट, सीलंट, टेप काहीही नको, नीट माहिती असलेल्या माणसाशिवाय लायनिंगला हातच लावू देऊ नका. माझ्या गाडीत ती भानगड नाही म्हणून मी निवांत होतो. काळी किंवा गडद गाडी असेल तर ठिपक्यांच्या जागी ट्यूबलाईटखाली किंचित सावल्या दिसू शकतात, माझी सिल्व्हर आहे, खपून जातं. आणि १५० डेसिबलच्या गोष्टी करत असाल तर तिथे टपावर नव्वद-पंच्याण्णव किलोचा जोर येतो, ठिपक्यांचं काम नाही ते, अमेरिकेत डीबी ड्रॅगच्या (कुणाची गाडी जास्त जोरात वाजते त्या स्पर्धेच्या) गाड्यांत लोक काँक्रीट ओततात ते उगाच नाही.

शीटला पाचपैकी तीन, तेही पावसाच्या आवाजासाठी आणि एका लेयरच्या हिशोबानं. दुकानाला दोन, क्लिपा परत दिल्या असत्या तर अडीच. मामांना मी कुठलं रेटिंग देणार, त्यांच्याकडे दिवाळीचा फराळाचा डबा जाईल.

आता टप गप्प झाल्यावर मागची नंबर प्लेट खडखडतेय ते ऐकू यायला लागलंय. शीटचा वीतभर तुकडा उरलाय, तो रविवारी तिच्या मागे लावतो, त्या कामाला तो एक नंबर आहे.