मोफत मेडिकल गाइडलाइन्स: काही महिने वॉर्डात वापरल्यावर

लहान हॉस्पिटलात, तज्ज्ञ हाताशी नसताना काम करणाऱ्या डॉक्टरांसाठी हे लिहितोय. गेले काही महिने माझी भिस्त मुख्यतः तीन गोष्टींवर आहे: एमएसएफ (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स) या वैद्यकीय मदतसंस्थेचं मेडिकल गाइडलाइन्स अ‍ॅप, जागतिक आरोग्य संघटनेचं अँटिबायोटिकवरचं ‘अवेअर’ पुस्तक आणि वैद्यकीय संशोधन-पेपर शोधायची पबमेड ही साइट.

सगळ्यात जास्त उघडलं जातं ते एमएसएफचं अ‍ॅप. एकदा मजकूर उतरवून घेतला की नेट लागत नाही, आणि रात्री अडीच वाजता याचं मोल कळतं. दुसरं म्हणजे, तुमच्याकडे आयसीयू नाही, तपासण्या मोजक्या आहेत, हे धरूनच ते लिहिलंय. एकदा एका बाईचा बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबत नव्हता. गर्भाशय आकुंचन पावावं म्हणून ऑक्सिटोसिन चालू होतं, सिस्टर ट्रॅनेक्सामिकची (रक्तस्राव कमी करणाऱ्या औषधाची) अँप्युल हातात धरून उभ्या. ‘सर, किती आणि किती वेळात?’ उत्तर लगेच सापडलं: एक ग्रॅम शिरेतून, दहा मिनिटांत सावकाश, प्रसूतीपासून तीन तासांच्या आत, अर्ध्या तासानंतरही रक्तस्राव चालू असेल तर पुन्हा एक ग्रॅम. या चार ओळींमागे 2017 साली प्रसिद्ध झालेली ‘वुमन’ चाचणी आहे, 21 देशांतल्या 20 हजार स्त्रियांवरची. तो पेपर त्या क्षणी कोण वाचणार? कोणीतरी तो आधीच नीट वाचून ठेवलाय, हेच मला हवं असतं.

‘अवेअर’ पुस्तक डिसेंबर 2022 मध्ये आलं. त्यात आधी विचारलंय की अँटिबायोटिक लागतं का. साध्या ब्राँकायटिसला सरळ ‘नको’. लागत असेल तर कोणतं, किती, किती दिवस. एमआर (औषध कंपनीचा प्रतिनिधी) नव्या काँबिनेशनचं गुळगुळीत पत्रक ठेवून जातो तेव्हा मी हे पुस्तक उघडतो. पत्रक छापणाऱ्याला औषध विकायचं असतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं. पूर्ण पीडीएफ भलीमोठी आहे. ओपीडीत चित्र-तक्त्यांची आवृत्ती बरी.

पबमेड मोफत आहे, पण बऱ्याच पेपरचा सारांशच वाचायला मिळतो, आणि नुसत्या सारांशावर उपचार बदलणं मला धोक्याचं वाटतं. 2011 ची ‘फीस्ट’ चाचणी घ्या. ताप आणि शॉकची (रक्ताभिसरण कोसळत असल्याची) लक्षणं असलेल्या मुलांना भराभर सलाइन द्यायचं, ही तेव्हाची सर्वमान्य पद्धत. युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या तीन हजारांवर मुलांमध्ये ती तपासली, तर 48 तासांतले मृत्यू बोलस (असा भराभर द्रव) दिलेल्या गटांत सुमारे 10.5 टक्के आणि न दिलेल्या गटात 7.3 टक्के निघाले. तिथे व्हेंटिलेटर हाताशी नव्हते. तेव्हापासून कुठलाही पेपर उघडला की निष्कर्षाआधी मी तो अभ्यास कुठल्या वॉर्डांत झाला ते बघतो.

पूर्ण पेपर हवा असेल तर ‘हिनारी’ आहे. 2002 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि मोठ्या प्रकाशकांनी सुरू केलेल्या या योजनेत गरीब देशांतल्या संस्थांना जर्नल्स फुकट किंवा थोड्या शुल्कात मिळतात. नोंदणी संस्थेची होते, एकट्या डॉक्टरची नाही. मोठी अर्थव्यवस्था असलेले विकसनशील देश यादीत बसत नाहीत, आणि तिथल्या खेड्यातल्या डॉक्टरची अडचण मात्र तीच राहते. हे मला मनापासून खटकतं. अशांनी पूर्ण पेपर मोफत देणारं पबमेड सेंट्रल बघावं, अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचे सोप्या भाषेतले सारांश वाचावेत, लेखकाला ईमेल करून पेपर मागावा, बरेचजण पाठवतात.

टीबी आणि मलेरियासाठी मात्र आधी आपल्या देशाचे राष्ट्रीय नियम. औषधांना दाद न देण्याचं प्रमाण जागोजागी वेगळं असतं, पुरवठाही वेगळा.

माझी एक मागणी आहे: डोसचे तक्ते स्थानिक भाषांत यावेत. इंजेक्शन भरतात सिस्टर, आणि घाईत परक्या भाषेतले परिच्छेद वाचायला त्यांना सवड नसते. तोवर आम्ही नेहमीच्या औषधांचे तक्ते हाताने लिहून, दुसऱ्याकडून तपासून ट्रॉलीला चिकटवलेत. खाली तारीख आणि कुठून घेतलं ते लिहिलंय, म्हणजे नवी आवृत्ती आली की कोणता कागद काढायचा ते कळतं.