ट्रायकोडर्मा, आठ-नऊ महिन्यांनंतर: घेण्याआधी पुडीवरची तारीख बघा

गेल्या मे मध्ये आल्याच्या २० गुंठ्यांसाठी ट्रायकोडर्मा (मुळांच्या रोगाला अडवणाऱ्या मित्रबुरशीची पावडर) घेतलं, फेब्रुवारीत गड्डे निघाले, आता लिहितोय. एकरी किती, शेणखतात कसं मिसळायचं हे सगळ्यांना माहितीये, त्यात जात नाही.

आधी दुकानाचं. पहिल्या चार पुड्या तालुक्यातून आणल्या, २२० रुपये किलो. गोडाऊन पत्र्याचं, मे महिन्यात आत उभं राहवत नाही, आणि माल तिथंच युरियाच्या पोत्यांशेजारी. अहो जिवंत बुरशी आहे ती! लेबलवर ग्रॅमला किमान २० लाख सीएफयू (म्हणजे उगवू शकणारे जिवंत कण) छापलंय, पण ते मुदतीत आणि नीट साठवलं तर, पत्र्याखाली उन्हाळा काढल्यावर किती उरतात? घरी येऊन बघितलं तर उत्पादनाची तारीख दीड वर्षापूर्वीची, मुदत कधीच संपलेली. परत द्यायला गेलो तर म्हणे पावडर कुठं खराब होती का. ८८० रुपये गेले ते गेलेच, पण राग त्या उत्तराचा आहे.

लागवड तोंडावर होती म्हणून तेच टाकलं. जुलैत पाऊस लागला आणि कंदकूज सुरू, पानं पिवळी, खोड ओढलं की अलगद हातात. मग आठवड्याला एक अशा बुरशीनाशकाच्या आळवण्या केल्या (औषधाचं पाणी मुळाशी ओतलं), एक झाली की दुसरी, आणि ग्रुपवर लिहून टाकलं की जैविक म्हणजे पैसे पाण्यात. ते मी आज मागे घेतोय, अर्धं तरी.

झालं असं की त्याच सुमारास आईला निमोनिया झाला, अँटिबायोटिकनं ती सावरली पण मग जुलाब थांबेनात. डॉक्टरांनी बॅसिलस क्लॉसी या चांगल्या जंतूच्या कुप्या दिल्या आणि समजावलं, औषधानं वाईटाबरोबर चांगले जंतूही मेले, जागा रिकामी झाली की नको ते शिरतात. मला लगेच माझे गादीवाफे आठवले, मीही तेच करत होतो. मग त्यावर वाचत बसलो. झाडाचं मूळ म्हणजे उलटं केलेलं आतडंच, आतड्यात अन्न आत असतं, मुळाच्या बाहेर, पण दोन्हीकडं शोषणाऱ्या भिंतीला चिकटून जंतूंची वस्ती असते. झाड पानात केलेली साखर मुळातून बाहेर सोडतं, आतडं चिकट थर सोडतं, त्यावर ही वस्ती पोसते आणि रोगाला जागा देत नाही. क्लॉस्ट्रिडिओइडीस डिफिसिल या जंतूचे जुलाब परत परत होणाऱ्या पेशंटला निरोगी माणसाच्या विष्ठेतले जंतू देतात, आणि इकडं गव्हाच्या टेक-ऑल या मुळं कुजवणाऱ्या बुरशीच्या रोगाला दाबणाऱ्या शेतातली थोडी माती दुसऱ्या मातीत मिसळली की तिच्यातही तो गुण येतो. ती माती तापवली की गुण जातो, म्हणजे काम जंतूंचंच, त्यातले सुडोमोनास नावाचे जिवाणू तर रोगाच्या बुरशीला मारणारं रसायन स्वतः बनवतात.

म्हणून ऑगस्टमध्ये बुरशीनाशक बंद करून १५ दिवस थांबलो, कारण ट्रायकोडर्मा पण बुरशीच, आपलंच औषध तिला मारतं. कृषी विज्ञान केंद्रातून ताजा माल आणला, २ किलो, तारीख त्याच महिन्याची. १०० किलो कुजलेल्या शेणखतात सावलीत ओलं पोतं टाकून १२ दिवस ठेवलं, हिरवी छटा आली तेव्हा वाफ्यांवर पसरलं. जुन्या पुडीतलं चिमूटभर आणि नव्यातलं चिमूटभर उकडलेल्या तांदळावर टाकून बघितलं होतं, नवं पाचव्या दिवशी हिरवंगार, जुन्यावर काहीच नाही. हिरवं दिसतं ते सगळं ट्रायकोडर्माच असेल असं नाही, पण काहीच न उगवणं मला पुरेसं होतं.

१८ वाफ्यांपैकी ३ गेले ते आधीच गेले होते, नंतर नवी सड पसरली नाही. सगळं श्रेय ट्रायकोडर्माला देणार नाही, मी चर मोकळे केले होते आणि पाऊसही उघडला. लागलेली सड यानं बरी होत नाही, हे लागवडीच्या आधी, निदान बेणं टाकताना तरी, जिवंत जमिनीत गेलं पाहिजे. माझं तेच चुकलं.

आईचं पोट आता चांगलं आहे. यंदा माल एप्रिलच्या शेवटी केंद्रातूनच आणणार, सकाळी लवकर, उन्हात गाडीवर न ठेवता. जुन्या पुडीचा तारखेसकट फोटो ठेवलाय, ज्याला त्या दुकानातून घ्यायचंय त्यानं आधी मागून बघावा.