फायबरबरोबर येणारा ‘फुकट’ मोडेम: चिऱ्याच्या घरात कितपत चालतो?

फायबरची जोडणी घेतली की कंपनीचा माणूस भिंतीवर एक पांढरी पेटी ठोकून जातो. तिला आपण मोडेम म्हणतो. प्रत्यक्षात ती ओएनटी, म्हणजे फायबरमधल्या प्रकाशाचा इंटरनेट सिग्नल करणारी पेटी, आणि पोटात वायफाय राउटरही. या दोन कामांचे गुण वेगवेगळे द्यायला हवेत. मोडेम म्हणून पेटी उत्तम. वायफाय म्हणून, निदान गोव्यात फोंडा-पेडणे-सत्तरीकडच्या जुन्या चिरेबंदी घरांत, जेमतेम पास.

मोडेमचं काम एका आकड्यावर तपासता येतं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा (पत्ता आणि पासवर्ड बहुधा पेटीच्या खालच्या स्टिकरवर असतो) आणि ‘ऑप्टिकल’ किंवा ‘पॉन’ नावाच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’, म्हणजे पेटीपर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, बघा. उणे १५ ते उणे २४ डीबीएम (हे त्या ताकदीचं एकक) असेल तर निश्चिंत राहा. उणे २७ च्या आसपास गेला की पेटी काठावर आहे: उन्हात चालेल, पहिल्या मोठ्या पावसात तुटेल. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, त्यामुळे उणे २१ चा उणे २४ झाला तर ‘थोडंच कमी झालं’ म्हणून सोडू नका. कारण बहुतेक वेळा घरातच सापडतं: कपाटामागे दुमडलेली केबल, धूळ बसलेलं टोक किंवा घाईत बसवलेला कनेक्टर. हिरवं टोक हिरव्याच सॉकेटात जातं. निळ्यात बसवलं तर बसल्यासारखं वाटतं आणि सिग्नल पडतो. ‘लॉस’चा लाल दिवा लागला तर प्रकाशच येत नाही, मोडेम रीसेट करून काही होणार नाही. टोकात डोळा घालून बघू नका, तो प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला अपाय करू शकतो.

आता डावी बाजू. चिऱ्याची भिंत फूट-दीड फूट जाड, त्यात पावसाची ओल. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय अशा एका भिंतीपलीकडे लंगडतं, दुसरीपलीकडे जवळपास संपतं. २.४ पुढे जातं, पण वेग खूपच कमी. त्यात पेटी दाराशेजारी, कारण केबल तिथून आत आली! स्वस्त पेट्यांत आणखी एक खोड: लॅनचं, म्हणजे तार जोडायचं, पोर्ट १०० मेगाबिटचं असतं. मग २०० चा प्लॅन घेऊनही तारेवर ९५ च्या वर आकडा जात नाही. जोडणी घेण्याआधीच ‘पोर्ट गिगाबिट आहे का?’ हे विचारून घ्या.

उपाय रिपीटर नव्हे. तो अर्धमेला सिग्नलच पुढे ढकलतो. पेटीपासून मधल्या खोलीपर्यंत कॅट-६ तार ओढा आणि तिथे टीपी-लिंक आर्चर सी६ सारखा गिगाबिट राउटर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोडमध्ये लावा, म्हणजे तो पेटीच्याच नेटवर्कचं वायफाय पसरवतो. हा मोड विसरलात तर घरात दोन नेटवर्क होतात आणि प्रिंटर फोनला सापडत नाही. २.४ साठी चॅनल १, ६ किंवा ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ.

वीज जाण्याचं म्हणाल तर १२ व्होल्टचा मिनी यूपीएस पुरतो. डब्यावर ८,००० एमएएच लिहिलेलं असलं तरी तो आकडा ३.७ व्होल्टच्या सेलचा, म्हणजे जेमतेम ३० वॉट-तास. १० वॉटच्या पेटीला दोन-अडीच तास, राउटरही जोडलात तर त्याहून कमी. अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट जुळवूनच पिन लावा. शिवाय कंपनीला विचारा, वाटेत जीपॉनचा स्प्लिटर (एका फायबरचा प्रकाश अनेक घरांत वाटणारा भाग) आहे की खांबावरचा नेटवर्क स्विच? स्प्लिटरला वीज लागत नाही. स्विचला लागते, आणि तो बंद पडला तर तुमचा यूपीएस नुसता दिवे पेटवत बसतो.

पावसाळ्यापूर्वी बाहेरची केबल बघा. भिंतीच्या भोकात शिरण्याआधी तिला खाली झोका हवा, म्हणजे पाणी तिथेच ठिबकतं. भोक बाहेरच्या बाजूला उतरतं असावं आणि सिलिकॉनने बुजवलेलं. केबलमधली आधाराची पोलादी तार बाहेरच हुकाला अडकवून कापायची, घरात आणायची नाही. काचेतून वीज वाहत नाही, त्या तारेतून वाहते. गडगडाटात अ‍ॅडॉप्टर उपसून ठेवा, कारण पेट्या जळतात त्या बहुधा विजेच्या आणि लॅनच्या तारेमुळे.

आणि ‘फुकट’ म्हणजे सहसा वापरापुरतं. जोडणी बंद करताना पेटी अ‍ॅडॉप्टरसकट परत मागतात, तेव्हा सिरियल नंबरचा फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवा.