एका आवारात दोन मीटर: शाळेच्या सोलरचे दहा महिने

सोलर बसलं की वीजबिल विसरा, असं सभेत मीच सांगितलं होतं. खजिनदार मी, त्यामुळे जानेवारीत चार हजारांचं बिल टेबलावर पडलं तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आमच्या आवारात मीटर दोन. 10 किलोवॅटचे पॅनल नव्या इमारतीच्या स्लॅबवर, कारण जुनी इमारत कवेलूची. संगणकांची खोली आणि बोअरचा पंप मात्र जुन्या मीटरवर. साध्या नेट मीटरिंगमध्ये (जास्तीची वीज ग्रिडला द्यायची, तेवढी युनिट बिलातून वजा) सोलर ज्या मीटरला जोडलं, युनिट त्याच्याच खात्यात जमा. मधे तीस पावलं, मालक एकच; तरी इकडे युनिट पडून आणि तिकडे पूर्ण बिल. वीज कार्यालयात चौकशी केली तर उत्तर मिळालं, “नावावर नाही चालत ना सर, ग्राहक क्रमांकावर चालते.” पॅनल बसवणाऱ्याला हे माहीत नव्हतं? त्याने दोन्ही मीटरचे फोटो काढले होते!

त्यात 31 मार्च. जमा युनिट महिन्यामागून महिना पुढे जातात, पण आर्थिक वर्ष संपलं की उरलेल्यांचे पैसे वीज नियामक आयोगाच्या दराने बिलात वळते होतात. आपण वीज घेतो त्यापेक्षा तो दर कितीतरी कमी. आमची 1,140 युनिट अशी गेली. दोन रात्री झोप नीट लागली नाही.

जुलैत मत थोडं बदललं. विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात, म्हणजे मे-जूनची जवळपास सगळी वीज नव्या वर्षाच्या खात्यात साठली आणि पावसाळी ढगांत तीच कामी आली. शाळेला 31 मार्च ही तारीख मानवते. घराला नाही. माझ्या घरी 3 किलोवॅट आहे (तिथे 78 हजार सबसिडी मिळाली, शाळेला छदाम नाही, ती योजना घरांसाठीच). हिवाळाभर साठवलेलं मार्चअखेर साफ आणि एप्रिलात कूलर सुरू. नागपुरात हे दुखतं.

शेवटी ऑगस्टात नव्या मीटरचा मंजूर भार वाढवून घेतला, जुनं कनेक्शन बंद केलं, केबल ओढून संगणक आणि पंप नव्या मीटरवर आणले. 22 हजार. दर महिन्याचा एक स्थिर आकारही वाचला. शिपाई रोज मीटरपेटीच्या दारावर खडूने आयात-निर्यातीचे (ग्रिडकडून घेतलेल्या आणि ग्रिडला दिलेल्या युनिटचे) आकडे लिहितो. माझ्या हिशेबाने केबलचे पैसे फेब्रुवारीत फिटतात.