ढगांच्या नावाखाली गेलेले 1,17,000 रुपये

आमच्या ऐरोलीतल्या रो-हाउसच्या गच्चीवर 3 किलोवॉट सोलर. किंमत 1,95,000, त्यातून 78,000 सबसिडी ‘आम्हीच वजा करतो’, म्हणजे रोख 1,17,000. पैसे गेले, बसलं 2 किलोवॉट आणि सबसिडीचा अर्ज भरलेलाच नव्हता. पीएम सूर्यघर या केंद्राच्या घरगुती सोलर योजनेची सबसिडी नेट मीटर (घरात आलेली आणि बाहेर गेलेली वीज वेगवेगळी मोजणारं मीटर) बसून तपासणी झाल्यावर ग्राहकाच्या बँक खात्यात येते. वजा करतो म्हणणाऱ्याला तिथेच उठवा.

विक्रेत्याचं पालुपद एकच : जर्मनीतल्या हॅम्बर्गला ऊन नसतं, तरी घरोघरी पॅनेल आहेत, मग ठाण्याच्या पावसाला काय घाबरायचं? अर्ध खरं असल्यामुळेच हे पटतं. ढगातून झिरपणाऱ्या उजेडावरही वीज होते. हॅम्बर्गला 1 किलोवॉटमागे वर्षाला साधारण 900 ते 1000 युनिट निघतात, आपल्याकडे 1400च्या आसपास. पण आपले ढग जून ते सप्टेंबर मुक्कामालाच येतात. जुलैत 3 किलोवॉटला रोज 6-7 युनिट धरा. मिळत होते 4. फोन केला की ठरलेलं उत्तर : ‘पाऊस आहे ना साहेब.’

पाऊस संपला तेव्हा खोटं उघडं पडलं. स्वच्छ उन्हात दुपारी साडेबाराच्या सुमारास 3 किलोवॉटच्या सोलर इन्व्हर्टरवर 2.2 ते 2.4 किलोवॉट दिसायला हवेत. दिसले 1.5. मग टेप लावली. 540 वॉटचं पॅनेल साधारण 2278 बाय 1134 मिलिमीटर असतं, हे भरलं 1956 बाय 992. जुन्या, पॉली प्रकारची 335 वॉटची पॅनेल, मागे 540चं स्टिकर. सहा पॅनेलचे 3240 ऐवजी 2010 वॉट.

जीव जळतो तो टेम्पो आला त्या सकाळीपाशी. निळे चौकोनी सेल डोळ्यांसमोर होते. 540ची पॅनेल मोनो प्रकारची, काळपट असतात, मधोमध आडवी पट्टी. पण स्टिकर छापील, सिरियल नंबर छापील, बारकोडसुद्धा होता. सामान्य माणसाने गच्चीवर मिलिमीटर मोजत बसायचं का? लुबाडणारा तो, आणि ‘बघून घ्यायला नको होतं?’ हे ऐकायचं आम्ही!

त्यात नेट मीटर न लावताच सिस्टीम चालू करून दिली. साधे इलेक्ट्रॉनिक मीटर बहुतेक वेळा बाहेर गेलेलं युनिटही वापरातच धरतात, त्यामुळे बिल उलट वाढलं. वीज कार्यालय म्हणतं, विक्रेता खासगी, आमचा संबंध मीटरपुरता. वर बिनपरवाना जोडणीची तंबी आम्हालाच. पोलीस म्हणतात, हा दिवाणी मामला. खोटं स्टिकर लावून माल विकणं दिवाणी कसं? अर्ज घेतला, पोच मागितली तर साहेब जागेवर नाहीत. सबसिडीच्या नावाने पैसे उकळले जातात आणि एकाही टेबलाला ती आपली बाब वाटत नाही.

पैसे कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर देऊ नका. फर्मच्या खात्यावर, जीएसटी बिल घेऊनच. विक्रेता योजनेच्या पोर्टलच्या यादीत आहे का पाहा, अर्ज स्वतःच्या मोबाइल नंबरवरून भरा. सबसिडीला देशी सेलचीच पॅनेल चालतात. सिरियल नंबर बसवण्याआधी कंपनीकडून पडताळून घ्या, नंतर पॅनेलखाली वाकून वाचता येत नाही. शेवटचा हप्ता नेट मीटर बसेपर्यंत रोखून धरा. तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर नोंदवा, क्रमांक जपून ठेवा. आणि बॅटरीशिवाय ‘लाइट गेली तरी घर चालेल’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा : बाहेरची वीज गेली की बिनबॅटरीचा सोलर इन्व्हर्टर बंद पडतो, खांबावरच्या लाइनमनला शॉक बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो.